सदतीस अंशांचा कोपरा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कचरा चाळणाऱ्या मशीनच्या पट्ट्यावर एक वाळा आला. तान्ह्या बाळाच्या पायातला, चांदीचा, काळा पडलेला. काच, चपला, चिंध्या वेचायला उभ्या असलेल्या उकंडरावांनी तो उचलला. वाळा उबदार होता.

गावाबाहेरच्या या डेपोत चाळीस वर्षं कचरा पडला. त्याआधी तिथे गावाचा उकिरडा होता. शेजारीच उकंडरावांचा वांग्या-मेथीचा मळा. विहिरीचं पाणी चहासारखं झालं, नात छकुलीच्या अंगावर चट्टे उठले, तेव्हा अर्जामागून अर्ज करून त्यांनीच ही सफाई गावात आणली. आता बैलगाडी उभी राहील एवढा कोपरा उरला होता.

वाळ्याचा जोड घरच्या देव्हाऱ्यात होता. नव्वदी ओलांडलेल्या, डोळे गेलेल्या अंबूबाईंनी दोन्ही वाळे बोटांनी चाचपले.

"कुठून काढला बे हा?"

"डेपोतून, माय."

"तुह्या आधीची तीन लेकरं गेली. म्हणून तुले उकिरड्यावर ठेवला, अन् शेजारणीनं उचलून आणला. टाकलेल्या पोराकडं यम पाहत नाही. सारेच करत तसं." म्हातारी थांबली. "पण म्या तुहा एक वाळा तिथंच पुरला. उकिरड्याले सांगतलं, पोरगं तुहंच, म्या नुसती सांभाळाले नेऊन राह्यली."

"आजलोक काऊन नाही सांगतलं?"

"उकिरडा कोणी उपटते का बे? मले काय ठाऊक, तू मशीन आणशीन!"

बुधवारी उकंडरावांनी वाळा परत कोपऱ्यात पुरला आणि काम थांबवा म्हणून सांगितलं. सफाईवरची इंजिनिअर प्रतीक्षा ढिगात सळई खुपसून रोज उष्णता मोजायची.

"कुजणारा कचरा तापतोच, काका. साठपर्यंत जातो, मग उतरतो. हा कोपरा मात्र नऊ दिवस सदतीसवर अडलाय, माणसाच्या अंगाइतका. ना वर, ना खाली."

"राहू द्या ना मंग तेवढा."

"तो राहिला तर त्याचं पाणी तुमच्या विहिरीत झिरपतच राहणार."

उकंडरावांनी मळ्याकडे पाहिलं. छकुली बांधावर पाय खाजवत बसली होती.

"काढा, बाई," ते म्हणाले. "मी पुष्कळ जगलो."

शुक्रवारी साडेअकराला मशीनने कोपरा उचलला. खाली कचरा नव्हता. स्वच्छ काळी माती, आणि तिच्यात तान्हं मूल निजेल एवढा खळगा. वाळा काही सापडला नाही. प्रतीक्षाने सळई टेकवली तोवर आकडा एकतीसवर आला होता आणि उतरतच होता.

त्याच वेळी उकंडरावांनी घोंगडी मागितली. एप्रिलचं ऊन माथ्यावर होतं. मलकापूरहून आलेल्या डॉक्टरांनी दोनदा थर्मामीटर बदलून पाहिला. पारा पस्तिसाच्या वर चढला नाही. नाडी ठीक होती. दवाखान्यात यायला त्यांनी साफ नकार दिला.

अंबूबाईंनी देव्हाऱ्यातला उरलेला वाळा मागून घेतला आणि मुठीत घट्ट धरला. तेव्हापासून त्यांनी मूठ उघडलेली नाही.

रविवारी दुपारी चार वाजता प्रतीक्षाने विहिरीचं पाणी तपासलं. रंग तसाच होता. उष्णता सदतीस अंश. उकंडराव घोंगडी बाजूला टाकून विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसले होते, पाय पाण्यात सोडून. वर या म्हटलं, तर म्हणाले, "थांबा जराशे. मस्त ऊब येऊन राह्यली."