काटेमास्तरांची पैज

शर्यतींच्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी सकाळी बुकीकाका शिवणखोलीच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा ती एका डगल्याची उसवलेली बाही शिवत होती. जॉकी शर्यतीत घालतात ते रंगीत रेशमी डगले नीट ठेवणं हे तिचं काम. शिवणखोलीला लागूनच वजनाची खोली होती. मधल्या भिंतीपलीकडे तिच्या बाबांनी एकतीस वर्षं जॉकींची वजनं घेतली. सगळं रेसकोर्स त्यांना काटेमास्तर म्हणायचं. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि तीन आठवड्यांपूर्वी गेले.

"बस म्हणणार नाहीस का गं?"

"त्या खुर्चीवर टाचण्या आहेत, काका. बघून बसा."

"बापासारखीच आहेस. तेसुद्धा आधी काय टोचेल ते सांगायचे." काका बसले. खिशातून त्यांनी घडी घातलेली एक पावती काढली आणि लगेच दिली नाही. "मेलेल्या माणसाची पावती मी जवळ ठेवत नाही. नेम आहे माझा. ज्याची त्याच्या घरी गेलेली बरी."

"बाबांची? बाबांनी उभ्या जन्मात पैज लावली नाही."

"नोकरीत होते तोवर नाही लावली. काट्यावरच्या माणसाला मनाईच असते. निवृत्त झाल्यावर आले की! मोसमाचा पहिला आठवडा होता. यंदा चॅम्पियन जॉकी कोण होणार, त्यावर लावले. वर म्हणाले, पावती तुमच्याकडेच राहू द्या, घरी कळायला नको."

तिला हसू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मोसमात सर्वांत जास्त शर्यती जिंकेल तो चॅम्पियन, आणि जॉकी असलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या यंदा चौऱ्याण्णव झाल्या होत्या. काट्यावर त्याला कधी नुसतं हूं न म्हणणाऱ्या, इतरांसारखंच त्याचंही वजन कोरड्या आवाजात वाचून दाखवणाऱ्या बाबांनी गुपचूप त्याच्यावर पैसे लावले होते तर!

तिने पावती उघडली. तिच्यावर तोळ्याचं नाव होतं.

तोळा हा भावाच्या बरोबरीचा जॉकी. पोटभर जेवूनही त्याचं वजन तोळाभरही वाढत नाही, म्हणून बाबांनीच त्याचं ते नाव पाडलं होतं. त्याच्याही चौऱ्याण्णवच झाल्या होत्या.

"का?" तिने विचारलं.

"ते मी कसं सांगू? आधी तुझ्या भावाचा भाव विचारला. बराच वेळ भाव लिहिलेल्या फळ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, तोळा. त्यापुढे एक शब्द नाही."

काका गेल्यावर ती हातातली सुई तशीच धरून बसली. भाऊ या घडीला पलीकडे वाफेच्या खोलीत घाम गाळून वजन उतरवत होता. आज त्याला एकच घोडा होता, तिसऱ्या शर्यतीतला, आणि त्यासाठी खोगिरासकट एक्कावन्न किलो भरायला हवं होतं. अर्धा किलो वर चालतो. त्याच्याही वर गेलं तर घोडा दुसऱ्याकडे जातो. सकाळी तो त्रेपन्न भरला होता. या महिन्यात दोनदा तो कपडे बदलताना कोसळला होता. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मूत्रपिंडं आता फार ऐकून घेणार नाहीत. तिने भावाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "चॅम्पियन होऊ दे, मग तू म्हणशील तेवढं पाणी पितो." आणि चॅम्पियन झाल्यावर पुढच्या मोसमात कुठला मालक त्याला सोडणार होता?

ती उठली. जाताना तिने टेबलावरचा पाण्याचा तांब्या आणि पेला बरोबर घेतला.

वाफेच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो रबरी सूट घालून बसला होता. गाल आत गेलेले, ओठांवर पांढरे पापुद्रे. समोरून तोळा केळं खात चालला होता.

"काय रे, शिजलास का?"

"तुझं केळं संपव आधी," भाऊ म्हणाला. "माझ्या घोड्यामागची धूळ खायला जागा ठेव."

तोळा हसत गेला. भावाने मात्र हसायचं टाळलं. ओठ फाटत होते.

"तांब्या कशाला आणलास, ताई? छळायला?"

तिने पावती त्याच्यासमोर धरली. त्याने ती वाचली, तारीख बघितली, परत वाचली. त्याच्या कपाळावर आता घामही येत नव्हता.

"बाबांनी?"

"हो."

"लावताना काय म्हणाले?"

खरं उत्तर तिच्याजवळ होतं: काहीच म्हणाले नाहीत. काट्यावरचा माणूस आकडे बघतो, त्यांनी आकडे बघितले असतील. एकतीस वर्षं ज्यांनी प्रत्येकाचं हाड न् हाड तोललं, त्यांना आपला मुलगा हरणार हे दिसलं असेल आणि दिसलं त्यावर त्यांनी पैसे लावले असतील. एवढंच असेल. तिला कधीच कळणार नव्हतं.

"म्हणाले, हा जिंकला तर थांबणार नाही. हरला तर निदान घरी येऊन जेवेल."

वाक्य इतकं बाबांच्या तोंडचं वाटलं, की क्षणभर तिचाच त्यावर विश्वास बसला.

 भावाने हात पुढे केला. तिने पेला भरून दिला. पहिला घोट त्याला गिळता येईना. त्याने तो तोंडातच धरून ठेवला. मग पेला संपवला. दुसरा संपवला. तिसरा अर्धा अंगावर सांडला.

"झालं तुमच्या मनासारखं," तो म्हणाला.

तो काट्यावर गेला नाही. आजारी असल्याचं कळवून त्याने घोडा सोडला. कर्ण्यावरून जॉकी बदलल्याचं सांगितलं गेलं, तेव्हा बाहेरच्या गर्दीतून मोठा ओरडा झाला. कोणीतरी त्याला शिवी हासडली, कोणीतरी त्याच्या बापालाही. तिसरी शर्यत भलत्याच घोड्याने मारली. पाचवी तोळ्याने.

संध्याकाळी दोघं शिवणखोलीत बसली होती. तिने आणलेला डबा त्याने उघडला होता आणि दोन घास खाऊन बाजूला सारला होता. एवढ्या महिन्यांनी अन्न पोटात ठरत नव्हतं.

"पैसे आणलेस का बुकीकडून?"

"नाही आणणार मी ते."

"आण. माणसाने आयुष्यात एकदाच पैज लावली आणि जिंकली." त्याने डब्यावर झाकण ठेवलं आणि ते घट्ट बसेपर्यंत दाबत राहिला. "खरंच असं म्हणाले होते ना, ताई? जेवेल म्हणून?"

"हो," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत होता. ती डगल्यांच्या घड्या घालू लागली.