हारामागची वायर

मला कोणी ओळखत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत, पाण्याच्या माठाशेजारच्या फळीवर माझी जागा. संगणकांचं काम बघणाऱ्या तृप्तीताई मला प्रॉक्सी म्हणतात, शिपाई भिवा नुसतं डबा म्हणतो. दोन्ही नावांना मी ओ देतो.

माझं काम मध्यस्थाचं. कंपनीचं स्वतःचं चॅट आहे. त्यात लिहिलेला मजकूर मोठ्या सर्व्हरवरून जातो, पण फोटोंसारख्या जड फाइली एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जातात. त्या दोघांना थेट भेटता आलं नाही, की मी मधे उभा राहतो. माझा एक हात ऑफिसकडे, एक बाहेरगावाकडे. दोन्हीकडून हात मिळाले की फाइल माझ्यातून पार होते. तृप्तीताई याला हँडशेक म्हणतात. मी नवा होतो तेव्हा कंपनीचे मालक, शेठ गोपीकिशन, मला पाहुण्यांना दाखवत. पुढे कौतुक ओसरलं आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, आणि पूजलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत जागचं हलवत नाहीत. भिवाने माझ्या वायरी काढून मला ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. एवढ्या मायेने कोणी हात फिरवला तर बरंच वाटतं. वायरी परत लावताना मात्र बाहेरगावची वायर त्याने शेजारच्या रिकाम्या भोकात खोचली. तिथेही हिरवा दिवा लागला. भिवा नमस्कार करून गेला.

दुपारी टेंभुर्णीहून, शेतं तपासणाऱ्या दैवशालाताईंचा मेसेज आला. कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या शेतकरी सोनूबाईंच्या मिरचीच्या बीजप्लॉटमध्ये दुसऱ्या जातीची झाडं घुसल्याची तक्रार होती. ती खरी असेल तर सकाळी फुलं उमलायच्या आत सगळा प्लॉट उपटायचा, नाहीतर त्यांच्या परागाने शेजारचे प्लॉट बिघडतात. दैवशालाताईंनी रांगेरांगेचे फोटो काढले होते. ते बघून शेठजी ठरवणार होते. सोनूबाईंनी हंगामभर एकेका फुलाला हाताने पराग लावून खुणेचा दोरा बांधला होता.

फोटो निघाले. ऑफिसचा हात माझ्या हातात आला. बाहेरचा आलाच नाही. मी वाट पाहिली, नाद सोडला, पुन्हा हात पुढे केला.

दैवशालाताई फोनवर म्हणाल्या, “ताई, लिहिलेलं पोचून राह्यलं, मंग फोटो का न्हाई?”

तृप्तीताईंनी पासवर्ड बदलला, चॅट काढून पुन्हा टाकलं, मला बंद-चालू केलं. शेवटी म्हणाल्या, “भिवाभाऊ, डबा पुढं ओढून मागच्या वायरी बघू का?”

“दिवा लागून राह्यला की बराबर. पूजेवरून आज हलवत नसतात, ताई.”

त्यांचा हात माझ्या हारापर्यंत आला आणि मागे गेला. मी ओरडलो असतो, पण देव करून बसवलेल्याला तोंड कुठलं?

गाडी पाठवावी, तर गाड्याही धुऊन पूजलेल्या. मोबाइलवरून फोटो मागवावेत, तर वाणाचं गुपित फुटेल म्हणून बंदी. दिवस कलला. शेठ गोपीकिशन म्हणाले, “बघितल्याबिगर पास कसा करू? उपटायला सांगा.”

फोनवर सोनूबाईंचा आवाज आला. “शेठजी, माझी झाडं एकडाव बघा तरी. मंग काय करायचं ते करा.”

तृप्तीताईंनी शेठजींचा हुकूम चॅटवर लिहिला, तो लगेच पोचला.

दसऱ्याच्या सकाळी हार उतरला. फळी पुसायला मला पुढे ओढलं, तेव्हा तृप्तीताईंना वायर दिसली. त्यांनी ती जागेवर लावली. टेंभुर्णीचा संगणक कालचे फोटो अजून पाठवतच होता. बाहेरचा हात लगेच मिळाला आणि फोटो एकामागून एक पडद्यावर उघडले. सारख्या रांगा, सारखी पानं, फुलाफुलाला दोरा. वेगळं झाड एकही नव्हतं.

तिकडे ती झाडं बांधावर सुकत पडली होती. भिवा माठापाशी खाली बसला.

आता मला भंगारात काढायचं ठरलं आहे. दोष डब्याचा, असं सगळे म्हणतात. मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला, पण काम अडलं तर तो बाजूला सारून मागे एकदा वाकून बघा. सोनूबाईंना याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. जाताना मला कोणी हार घालू नये, एवढंच.