कपाटाच्या दारावरचा फोटो

दहावीत आरतीला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा लातूरच्या एका क्लासनं तिला स्टेजवर बोलावून शाल, नारळ आणि एक डिजिटल कॅमेरा दिला. कॅमेरा तळहातात मावेल एवढा, चंदेरी रंगाचा. आरतीनं आठ दिवस हौस केली आणि अकरावीच्या पुस्तकांत तोंड घातलं. मग तो तिच्या आईनं, तारामतीनंच ताब्यात घेतला.

तारामती क्लासच्या पोरांसाठी मेस चालवायची. पोळ्या लाटता लाटता ती आरतीकडून सगळं शिकली. बटण अर्धं दाबून धरायचं, चौकट हिरवी झाली की पुरं दाबायचं. व्हिडिओ काढताना श्वाससुद्धा हळू घ्यायचा. दिसेल त्याचा फोटो काढायची ती. आरती हसायची, पण वैजनाथ हसत नसे. बायकोला फोटोची एवढी तहान का, ते त्याला ठाऊक होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं घर बसलं आणि त्याखाली थोरली मंजुळा गेली. चार वर्षांची होती. घरातला कागदाचा कपटासुद्धा हाती लागला नाही. तारामतीनं तेव्हा माहेर-सासरच्या एकेकाला विचारलं होतं, "माझ्या लेकीचा एखादा फोटो हाय का तुमच्याकडं?" कुणाकडंच नव्हता. दोन वर्षांनी आरती झाली. गाव सोडून ते लातुरात आले. हळूहळू मंजुळाचा चेहरा तारामतीच्या डोळ्यांपुढून पुसट होत गेला. एकदा तिनं नवऱ्याला विचारलंही, "तिची हनुवटी कुणावर गेली होती ओ? माझ्यावर का तुमच्यावर?"

"मलाबी याद न्हाई," वैजनाथ म्हणाला होता.

त्या दिवाळीत मेसची पोरं गावी गेली तशी तिघं फिरायला निघाली. नांदेडला गुरुद्वारा पाहिला, तिथून हदगावला तारामतीच्या मोठ्या बहिणीकडं, गुणाअक्काकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी सहस्रकुंडाचा धबधबा आणि पुढं माहूर, असा बेत होता. वैजनाथला हदगाव नवं नव्हतं. दिवाळीनंतर कापूस वेचणीला हाताखाली म्हणून तो दरसाल आठ दिवस अक्काकडं जायचा. तारामतीला मात्र मेस सोडून यायला जमत नसे.

निघताना अक्का तिच्यासाठी साडी काढायला आतल्या खोलीत गेली. तारामतीनं दारातूनच हाक मारली, "अक्का, हिकडं बग!" अक्का लोखंडी कपाटापुढून दचकून वळली. फ्लॅश पडला. "माझा कशाला काढतीस गं?" म्हणत तिनं घाईघाईनं कपाट लावलं.

सहस्रकुंडाला पाणी भरपूर होतं. काळ्या खडकावरून ते असं कोसळत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. तारामतीनं त्याचा लांबलचक व्हिडिओ घेतला आणि कॅमेऱ्यानं कुरकुर केली, कार्ड भरलं. आरती पाण्याकडं गेलेली. तारामती जरा लांब, झाडाखाली बसून नको ते फोटो पुसायला लागली. गुरुद्वाऱ्यातले हललेले चार पुसले. मग अक्काचा आला. अक्काचे डोळे मिटलेले होते, म्हणजे हाही पुसायचाच. पण मागं उघड्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं, काहीतरी चिकटवलेलं दिसत होतं. तिनं झूम केलं.

स्टुडिओतला रंगवलेला पडदा, खुर्चीत तरुणपणीची अक्का आणि तिच्या मांडीवर एक पोर. हिरवा फ्रॉक, त्याला पांढऱ्या काठाची कॉलर. ती कॉलर तारामतीनं स्वतःच्या साडीच्या काठाची शिवली होती. भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात अक्का मंजुळाला महिनाभर हदगावला घेऊन गेली होती, तो फ्रॉक घालूनच. तिनं अजून झूम केलं तसा चेहऱ्याचे चौकोन चौकोन होऊन गेले. पुन्हा मागं आणला, पुन्हा मोठा केला. फ्रॉक दिसायचा, चेहरा हाताला लागत नव्हता.

वैजनाथ शेंगांची पुडी घेऊन आला. तिनं कॅमेरा पदराखाली घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अक्काच्या कपाटाच्या दाराला कुणाचा फोटो हाय ओ?"

"दाराला लावला व्हय तिनं?" तो बोलून गेला. "मी तर पेटीत ठेव म्हणलो होतो."

मग त्याच्या लक्षात आलं. पुडी तशीच हातात राहिली.

"तुमाला ठावं होतं," ती म्हणाली.

"तारा, तू तवा अन्नाला शिवत न्हवतीस. रात्रंदिस ढिगाऱ्यावर जाऊन बसायचीस. फोटो बगितलास तर जिवाचं काही करून घेशील, असं वाटलं. मीच अक्काला म्हणलो, वरीसभर दावू नगंस."

"वरीसभर? अठरा वर्सं झाली."

"मग आरती झाली. तू हसाय लागलीस. मग कसं सांगावं, ते कळंना."

"तुमी बगितलाव का तो?"

वैजनाथनं पुडी खाली ठेवली.

"बगितलाव का?"

"दरसाल," तो म्हणाला.

तारामतीला पाण्याचा आवाज ऐकू येईना झाला. म्हणजे हा माणूस वर्षातून एकदा लेकीला भेटून यायचा. घरी येऊन तिच्या शेजारी झोपायचा आणि हनुवटी आठवत नाही म्हणायचा. रडायला हवं होतं, पण रडूही येईना. तिनं आरतीला हाक मारली. "चल. माहूर न्हाई. हदगाव."

अक्कानं दार उघडलं आणि बहिणीचं तोंड बघूनच ती समजली. "तुज्या भल्यासाठी गं बाई," ती रडायला लागली, "दाजी म्हणले म्हणून..."

"मी तुला कितींदा विचारलं, अक्का?"

तारामतीनं स्वतः कपाट उघडलं, नखानं चिकटपट्टी सोडवली आणि फोटो आरतीपुढं धरला. "ही तुजी ताई." अक्कानं दिलेली साडी पलंगावर ठेवून ती बाहेर पडली. एसटीत ती आरतीजवळ बसली. वैजनाथ लातूरपर्यंत मागं एकटाच होता.

फोटो मोठा करून तिनं मेसच्या जेवणघरात लावला. पोरं विचारत, "मावशी, ही कोण?" ती सांगे, "माझी थोरली." नवऱ्याशी मात्र पीठ संपलं, गॅस आणा, एवढंच बोलणं उरलं. अक्काचे फोन येत, ते आरती घेई.

महिना असाच गेला. एका दुपारी ती भाजी निवडत असताना वैजनाथ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, "ती पाण्याला पानू म्हणायची."

तारामतीचे हात थांबले. हे ती साफ विसरली होती.

"अजून काय काय ठिवलंय तुमच्यापाशी?" तिनं विचारलं.

तो उंबऱ्यातच खाली बसला आणि सांगू लागला. मंजुळा विहिरीवर कशी पळायची, बैलाला काय नावानं हाक मारायची, झोपताना कुणाचा कान धरायची. मधेच त्याचा आवाज फाटला तरी तिनं त्याला पाणी दिलं नाही, की त्याच्याकडं वळून पाहिलं नाही. पण उठूनही गेली नाही. संध्याकाळची भाजी त्या दिवशी उशिरा फोडणीला पडली.