पाकिटं छापणाऱ्याचं टर्नटेबल

मी रेकॉर्डी वाजवणारं एक टर्नटेबल बोलतोय, आणि गोड बोलण्याआधी तक्रार नोंदवणार आहे. पहिल्या मालकाने मला मोठ्या हौसेने घरी आणलं, दोन वर्षं पाहुण्यांपुढे मिरवलं आणि मग माझ्या झाकणावर कुंडी ठेवली. सात वर्षं! रोज झाडाला पाणी घालताना चार थेंब माझ्या अंगावर. वर ऐटीत सांगायचा, "बंद पडलंय ते." मी बंद पडलो नव्हतो. माझा रबरी पट्टा सैल झाला होता, एवढंच. पण विचारतो कोण?

पुढे जुन्या सामानाच्या दुकानात, इस्त्र्या आणि मिक्सरच्या गर्दीत धूळ खात पडलो. तिथे ती आली. दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. दुकानदाराने मला फिरवून दाखवलं, तेव्हा तिने खाली वाकून, एक डोळा मिटून, माझं चाक डुलतंय का ते पाहिलं. असं नीट बघणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

"बाबांसाठी हवंय," ती म्हणाली. "नव्या सेटच्या किमती बघूनच माझे दात दुखायला लागले."

तिने मला नवा पट्टा घातला, नवी सुई बसवली. मैत्रिणीकडे पडून असलेला अँप्लिफायर मागून आणला, वहिनीच्या माळ्यावरचे स्पीकर उतरवले. उसनवारीचा का होईना, आमचा संसार मांडला गेला.

तिचे बाबा छापखान्यात मशीनमन होते. रेकॉर्डची पाकिटं छापण्यात त्यांची तीस वर्षं गेली. नव्या पाकिटाबरोबर कधीमधी एखादी रेकॉर्ड भेट मिळायची. अशा एकेचाळीस जमल्या होत्या, पण वाजवायला घरात काही नव्हतं. पाकिटावरून हात फिरवत ते म्हणायचे, "हा लाल रंग बघ. तीनदा शाई बदलली तेव्हा जमला. आत काय आहे, देव जाणे!" मशीनच्या खडखडाटाने त्यांचे कान मात्र अर्धे नेले होते. उरलेले अर्धे जायच्या आत आतलं ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिली रेकॉर्ड लागली. आवाज आला तो डबीत कोंडलेल्या माशीसारखा. बारीक, बिनरक्ताचा. तिला वाटलं, जुन्या रेकॉर्डी अशाच वाजत असतील. तिने बाबांकडे पाहिलं. ते हसत होते. म्हणून ती म्हणाली, "किती छान येतोय ना आवाज?"

बाबांचं हसू क्षणभर अडखळलं. मग ते म्हणाले, "वा! झकास!"

मला ओरडावंसं वाटलं. लेकीला छान ऐकू येतंय आणि आपल्याला नाही, म्हणजे आपले कान संपले, असं म्हाताऱ्याने धरलं होतं. आणि बाबा खूश आहेत, मग कशाला नाट लावा, असं लेकीने. प्रेमापोटी माणसं एकमेकांना किती सफाईने फसवतात! पुढचे आठ दिवस बाबा रोज रेकॉर्ड लावायचे, ती समोर असली की मान डोलवायचे, आणि ती कामावर गेली की मला बंद करून भिंतीकडे बघत बसायचे.

नवव्या दिवशी, ती दवाखान्यात असताना, त्यांनी त्याच दुकानदाराला बोलावलं. "सगळ्या रेकॉर्डी घेऊन जा. ऐकणाऱ्याच्या घरी जाऊ देत."

दुकानदाराने खात्री करायला एक लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, हे असं काय मुंगीच्या आवाजात?"

बाबा ताडकन उठले. "म्हणजे? तुम्हालाही कमी ऐकू येतं?"

"कमी? अहो, काहीच येत नाहीये!" त्याने अँप्लिफायर वळवून मागची बाजू पाहिली. "हात्तिच्या! सुईचा आवाज मुळातच नाजूक. तो मोठा करायला मधे एक छोटा डबा लागतो, प्रीअँप. जुन्या अँप्लिफायरमध्ये तो आतच असायचा, ह्यात नाही. चूक माझीच, विकताना मी विचारायला हवं होतं. थांबा, दुकानातून घेऊन येतो."

डबा लागला, आणि त्या लाल पाकिटातून एक बाई गायला लागली. ढोलकासकट, श्वासासकट. बाबा खुर्चीची कड धरून उभेच राहिले.

संध्याकाळी लेक धावत जिना चढून आली. गाणं खालच्या मजल्यापर्यंत पोचलं होतं.

"चिमणे, कमी कर गं जरा," बाबा डोळे पुसत म्हणाले. "शेजारी भांडायला येतील."

दुकानदाराचा सगळा प्रकार ऐकल्यावर तिने विचारलं, "मग आठ दिवस झकास, झकास काय करत होतात?"

"छान येतोय असं आधी कोण म्हणालं?"

"तुम्ही हसत होतात म्हणून!"

"अगं, मी तुझ्याकडे बघून हसत होतो."

मी फिरत राहिलो.

आता आमच्या सत्तावीस रेकॉर्डी ऐकून झाल्यात. परवा एका गायकाला बाबांनी मधेच थांबवलं. "ह्याच्याही पाकिटासाठी तीनदा शाई बदलली होय मी?"

वाचकांनो, तुमच्याही घरात कोणी माझ्यासारखा कुंडीखाली बसला असेल. त्याला बंद पडलेला म्हणण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आणि शेजारी बसलेल्या माणसाला खरंच ऐकू येतंय का, तेही सरळ विचारा.

माझ्या झाकणावर हल्ली एकच गोष्ट असते, बाबांचा चष्मा. गाणं ऐकताना ते काढून ठेवतात. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.