पुढे बसणारी माणसं

पंचफुलाबाईंचं पत्र दसऱ्याच्या आधी आलं. दिवाळी होऊन गेली तरी मी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. तसं पत्र साधंच होतं. यजमानांना, दौलतरावांना, जाऊन वर्ष झालं. शेलूबाजारचा भाजीचा मळा आता मुलगा गोविंदा पाहतो. त्यानं शेडातली जुनी मोटार दुरुस्त करून घेतली आहे आणि मागे ट्रेलर जोडून कोबी बाजाराला नेणार आहे. 'चढावर माणसं पुढे बसवू, आबा बसवत होते तशी, असं म्हणतो. शेषरावभाऊंचा पाय त्यातच गेला ना? मला सगळ्यांनी हसतच सांगितलं. तुम्ही तिथे होता. गोविंदा तुम्हाला मानतो. त्याला खरं काय ते लिहा.'

मी तिथे होतो हे खरं. पण माझ्या सांगण्याला किती किंमत द्यायची, हे माझं मलाच कधी ठरवता आलेलं नाही. मोटारीतलं मला काय कळतं?

ती गाडी मात्र डोळ्यांपुढून जात नाही. काळी, बुटकी, फ्रेंच बनावटीची. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं काढून टाकलेली दौलतरावांनी घेतली. इतर मोटारींचा जोर मागच्या चाकांना असतो, हिचा पुढच्या. "बाकीच्या मोटारी मांगून ढकलतात मास्तर," दौलतराव म्हणायचे, "हे बैलावानी पुढून ओढते." खालून मागच्या चाकांकडे लोखंडी दांडा जात नसल्यामुळे पाय ठेवायची जागा सपाट होती, तिथे कोथिंबिरीच्या जुड्या रचलेल्या असत. मी तेव्हा शेलूबाजारच्या शाळेत मास्तर होतो. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या पुस्तकांची पेटी घेऊन त्याच गाडीनं मंगरूळपीरला घरी यायचो. कोथिंबीर आणि पेट्रोल यांचा तो मिसळलेला वास मला अजून कुठेही आला तरी शनिवार वाटतो.

मळ्यातून सडकेवर यायला नाल्याकाठचा मुरमाचा चढ आहे. रिकामी गाडी तो सहज चढायची. ट्रेलर जोडला की त्याचा भार गाडीच्या मागच्या टोकावर यायचा, पुढची बाजू हलकी व्हायची आणि ओढणारी चाकं जागच्या जागी मुरूम उडवत फिरायची. मग दौलतराव ओरडायचे, "वजनदार मानसं पुढे!" चार मजूर मडगार्डांवर आणि बॉनेटवर चढून बसायचे. माझ्याकडे पाहून हसायचे, "मास्तर, तुमी उतरा. तुमची पेटी द्या, ते तुमच्याहून भारी हाये." पुस्तकं बॉनेटवर बसून चढ चढायची आणि मी मागून पायी.

एकाहत्तर साली कोबी उदंड आला होता. ट्रेलर गच्च भरलेला. डाव्या मडगार्डावर शेषराव पाय सोडून बसला होता. शेलूबाजारला मी ज्या बौद्ध वस्तीत राहायचो तिथलाच तो, माझ्या वयाचा. चाकं बराच वेळ नुसती फिरली आणि मग एकदम दगडाला लागली. गाडीनं उसळी घेतली आणि शेषराव चाकापुढे घसरला. त्याचा गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. दौलतरावांनी ट्रेलर सोडवून ठेवला तो कायमचा.

वर्षभरात त्या अपघाताची गंमत झाली. ती केली खुद्द शेषरावनंच. आता तो मंगरूळपीरला स्टँडजवळच्या एका गोदामावर राखणदार आहे. शेजारच्या हॉटेलात बसून सांगतो, "मी चाकावर बसलो होतो न, तं चाक म्हने, शेषराव, तू लय बसला, आता मी बसतो तुह्यावर!" लोक हसतात, चहा पाजतात. गोविंदा ही गोष्ट ऐकतच मोठा झाला. मी खरं लिहायचं म्हणजे शेषरावची गोष्ट खोडून काढायची. तो अधिकार मला कुणी दिला?

शेवटी मी काल, गुरुवारी, बसनं शेलूबाजारला गेलो. समोरासमोर बोलू म्हटलं.

"या मास्तरकाका! पुढं बसा, पुढं!" गोविंदानं मला हाताला धरून गाडीत बसवलं. गाडी चकचकीत झाली होती. गिअरचा दांडा तसाच समोरच्या फळीतून बाहेर आलेला. "हे पाह्यलं काय?" त्यानं मडगार्डाकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या बसवल्या होत्या. "धराले. आता कोनी पडत नाई. आयतवारी पयली खेप. वस्तीतले चौघं तयार हायेत. कसं काय?"

"चांगलं केलंस," मी म्हणालो.

हेच म्हणालो मी. पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पत्राचं विचारलं नाही. चहा दिला, कप उचलून नेला.

आज सकाळी मी शेषरावला हॉटेलात गाठलं.

"एक विचारू? रागावू नकोस."

"तुमच्यावर कोन रागवन मास्तर? विचारा."

मी गाडीचं सांगितलं, कड्यांचं सांगितलं. त्यानं बशी खाली ठेवली.

"कड्या? म्हंजे गाडी उसळली का मानूस कडी धरूनच राहीन. बाजूले उडी टाकाची बी सोय नाई. मंग तुमी काय म्हनलं?"

"चांगलं केलंस म्हणालो."

तो हसला, पण गोष्ट सांगताना हसतो तसं नाही.

"त्याच्या आईनं लिहायला सांगितलंय," मी म्हणालो. "पण मी खरं लिहिलं तर तुझी गोष्ट..."

"माही गोस्ट! मास्तर, ते मी कायले सांगतो? लोक पाय पाहून नजर चोरतात. हसवलं का जवळ बसतात, इतकंच. पन तेच ऐकून दुसऱ्याचा पाय गेला, तं मी हासू कोन्या तोंडानं? लिहा तुमी. मी बोंबललो ते लिहा. दौलतराव नाल्यात बसून रडले ते बी लिहा. पोराले मालूम नसन ते."

"समोर बोलता आलं नाही, पत्रानं काय होणार?"

"कागदाले कोनी चहा पाजून चूप नाई करत."

मी खिशातून पेन काढलं. मग विचारलं, "आणि कोबी सडकेवर कसा आणायचा, ते?"

"ते तुमी सांगा. तुमी मांगून पायी चढत होते, सारं तुमालेच दिसे."

दिसत होतंच. चढापुरता ट्रेलर बैलांनी ओढून न्यावा, गाडी रिकामी वर चढवावी आणि सपाट सडकेवर जोडावी. पण मोटारवाल्या दौलतरावांना बैल जुंपा म्हणणं मला कधी जमलं नाही.

"लोक हसतील," मी म्हणालो.

"हासू द्या न! हासल्यानं कोनाचं हाड मोडते काय?"

त्याच टेबलावर अंतर्देशीय पत्र पसरलं. पंचफुलाबाईंऐवजी गोविंदाचं नाव घातलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'काल मी तुला चांगलं केलंस म्हणालो, ते चूक होतं.' पुढचं मग लिहीत गेलो. शेषराव शेजारी बसून होता. कुणीतरी त्याला गोष्ट सांग म्हणालं, तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

स्टँडवरच्या पेटीची डाक अजून निघायची होती. उद्या पोचेल. पोचलं तरी तो ऐकेल का? मला खात्री नाही. पेटीपाशी मी पुन्हा थांबलो. शेषराव काठी टेकत आला आणि शेजारी उभा राहिला. मी पत्र सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून फटीत बोटं घालून पाहिली. पत्र गेलं होतं.