दोन तोंडांचं कार्ड

रेडिओ केंद्रात तिला सगळे वहिनी म्हणत. सकाळचा निवेदक तिचा सख्खा धाकटा दीर. तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याने बोळाच्या टोकावरून "वहिनी, तुमची खुर्ची इकडे!" अशी खणखणीत हाक मारली, आणि दारवानापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. तिने सुरुवातीला दोन-तीनदा आपलं हुद्द्याचं नाव सांगून पाहिलं, मग नाद सोडला. ती मात्र त्याला घरी आणि केंद्रातही भाऊजी म्हणायची.

संगणक विभाग म्हणजे ती एकटी. केंद्राचा सगळा डोलारा एका मोठ्या सर्व्हरवर उभा होता आणि त्या सर्व्हरच्या पोटात, एका घरात वेगवेगळे भाडेकरू राहावेत तशी, तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतले संगणक, चालत. एक भाडेकरू स्टुडिओतला आवाज डोंगरावरच्या मनोऱ्याकडे पाठवायचा. दुसरा श्रोत्यांचे फोन आत घ्यायचा. तिसऱ्याकडे कार्यालयाची कागदपत्रं. पहिल्या दोघांना आवाज जरासुद्धा अडखळून चालणार नव्हता, म्हणून सर्व्हरमधलं नेटवर्क कार्ड मध्ये कुणी दलाल न ठेवता थेट त्यांच्या हातात दिलेलं होतं. कार्ड एकच, पण वायर खोचायची तोंडं दोन: एक प्रक्षेपणाचं, दुसरं फोनचं. ही व्यवस्था तिच्या आधीच्या माणसाने लावलेली. ती येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

त्या मंगळवारी सव्वाअकराला भाऊजींचा झाडांवरचा कार्यक्रम रंगात होता. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई श्रोत्यांच्या शंकांना उत्तरं द्यायच्या. पण शंका येतच नव्हत्या. कार्यक्रम सुरू होऊन दहा मिनिटं झाली, तरी फोनचा एकही दिवा लागेना.

"आज सगळ्यांची झाडं ठणठणीत दिसतायत," भाऊजी माइकवर हसत म्हणाले, आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या वहिनीकडे डोळे मोठे करून पाहिलं.

वहिनी आपल्या टेबलाकडे धावली. फोनवाला भाडेकरू जागा होता, पण त्याला त्याचं तोंडच सापडत नव्हतं. तिने त्याला नीट बंद करून पुन्हा चालू केलं. फरक शून्य. कार्डाचा तो भाग कुठल्याशा अर्धवट अवस्थेत अडकून बसला होता. वायर बदलली, तरी तेच. म्हणजे ते तोंड रीसेट करणं आलं.

तिने तशी आज्ञा दिली. सर्व्हरने साफ नकार दिला.

इतक्यात केंद्रप्रमुख आले. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की त्यांच्या पाचावर धारण बसायची. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस.

"वहिनी, हे म्हणतायत दोन सेकंदांचं काम आहे. त्यांनी सर्व्हरला द्यायच्या आज्ञांची एक स्क्रिप्ट पाठवलीय. चालवा आणि मोकळ्या व्हा. बारा वाजता समुद्राची खबर आहे, आज वाऱ्याचा इशारा आहे. फोन लागले नाहीत तर बोटवाले मला फाडून खातील."

त्यात खोटं काही नव्हतं. रोज बाराला हवामानाची खबर जायची आणि लगेच बोटवाले फोन करून विचारायचे: आमच्या बाजूला वारा कधी फिरणार, निघावं की थांबावं. फोन बाराच्या आत लागायलाच हवे होते.

वहिनीने स्क्रिप्ट उघडली. सहाच ओळी. वरपासून खालपर्यंत एकदा वाचली, मग पुन्हा एकदा, पडद्यावर बोट ठेवून.

"ही नाही चालवणार मी," ती म्हणाली.

"का?"

"सर्व्हर नाही म्हणतोय, त्याला कारण आहे. या कार्डाला एका तोंडापुरतं रीसेट होता येत नाही. ते ज्या मार्गावर बसलंय तो अख्खा मार्गच रीसेट करावा लागतो. त्याला आम्ही बस म्हणतो."

दारात तारवाले काका येऊन उभे होते. तीस वर्षं केंद्राच्या वायरी ओढलेला माणूस. "बस म्हणजे आपली बस?" त्यांनी विचारलं.

"तसंच समजा, काका. एका प्रवाशाला हलवायचं तर सगळी गाडी रिकामी करावी लागते. आणि दुसऱ्या सीटवर आत्ता भाऊजी बसलेत." तिने वरच्या स्पीकरकडे बोट केलं. स्पीकरमधून भाऊजी बाईंना गुलाबाच्या छाटणीबद्दल विचारत होते. "दुसरं तोंड प्रक्षेपणाच्या हातात आहे म्हणून सर्व्हर नको म्हणतोय. ही स्क्रिप्ट त्याला न विचारता मागच्या दाराने जाते आणि मार्गालाच झटका देते."

मोबाइलमधला माणूस म्हणाला, "मॅडम, आम्ही बऱ्याच ठिकाणी हेच करतो. दुसरं तोंड आपोआप परत येतं."

"बऱ्याच ठिकाणी येतं. मी न आलेलं पाहिलंय," वहिनी म्हणाली.

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी, रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत, तिने स्वतःच्या हाताने असाच झटका दिला होता. जे मशीन सुधारायचं होतं ते सुधारलं, पण शेजारचं भर कामात पाय ओढल्यासारखं कोसळलं आणि आपल्याबरोबर अख्खा सर्व्हर घेऊन गेलं. दिवसभर बाकावर माणसं अहवालाची वाट पाहत बसली होती. एका आजोबांनी तिला चार वेळा विचारलं होतं, "बाळ, अजून किती वेळ?" तेव्हा तिने कानाला खडा लावला होता. झटका द्यायला ती घाबरत नव्हती. गाडीत कोण कोण बसलंय हे न पाहता द्यायचा नाही, एवढंच.

"मग करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं?" केंद्रप्रमुखांचा आवाज चढला.

"छे. रीसेटच करायचं. पण आधी भाऊजींना गाडीतून उतरवू. काका, तुमचं जुनं मशीन चालतं का?"

काकांचा चेहरा एकदम उजळला. सर्व्हर यायच्या आधी प्रक्षेपण ज्या पेटीवरून जायचं, ती पेटी त्यांनी भंगारात जाऊ दिली नव्हती. दर गुरुवारी ते ती चालू करून तपासायचे आणि सगळे त्यांची थट्टा करायचे.

"चालतं का म्हणजे?" काका म्हणाले. "धावतं!"

"मनोऱ्याकडची वायर तिकडे फिरवायला किती वेळ?"

"तीन सेकंद. पण तेवढा आवाज जाणार."

"मग ते तीन सेकंद भाऊजींकडून मागून घेते."

तिने केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. अकरा सत्तावीस झाले होते. "पावणेबाराला प्रक्षेपण आणि फोन दोन्ही चालू नसतील, तर तुम्ही म्हणाल ते," ती म्हणाली. तिच्या आवाजात आर्जव नव्हतं, ताठाही नव्हता. केंद्रप्रमुखांनी मोबाइल कानाला लावला, "नंतर बोलू," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

वहिनीने पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: *गाणं लावा. गाणं संपलं की तीन सेकंद गप्प. मी हात वर करीन.* काचेला लावून तो भाऊजींना दाखवला. भाऊजींनी तो वाचला आणि बाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या गुलाबांनाही जरा विश्रांती देऊ. ऐकू या एक गाणं."

गाणं चार मिनिटांचं होतं. तेवढ्यात तिने एक गोष्ट मुद्दाम तपासली: ती स्वतः ज्या वायरीवरून सर्व्हरमध्ये शिरली होती, ती या कार्डावर तर नाही? नव्हती, वेगळी होती. नाहीतर स्वतःच्याच हाताने स्वतःला घराबाहेर कोंडून घेतलं असतं.

गाण्याचा शेवटचा सूर विरला. काकांनी वायर ओढून दुसरीकडे खोचली. एक, दोन, तीन. वहिनीने हात वर केला.

"हं, तर बाई, आपण छाटणीवर होतो," भाऊजींचा आवाज आला, आता जुन्या पेटीतून, किंचित जाडसर, पण स्वच्छ. काकांनी कपाळ पुसलं.

पुढचं तिने सावकाश केलं. घाई नडते ती इथेच. आधी फोनवाला भाडेकरू रीतसर बंद केला. मग प्रक्षेपणाचा. पाठीमागून गळा न दाबता, त्यांना आपलं आवरायला वेळ देऊन. दोन्ही तोंडं त्यांच्या हातून सोडवून सर्व्हरकडे परत घेतली. कुणी अजून धरून तर बसलं नाही ना, हे पाहिलं. प्रक्षेपणाचं तोंड अजून अडकलेलं दिसत होतं.

"बंद केलंत ना?" केंद्रप्रमुख खुर्चीतून अर्धे उठले.

"केलं. सोडायला वेळ घेतंय. थांबू."

मिनिटभर काहीच झालं नाही. ते मिनिट केंद्रप्रमुखांना फार जड गेलं. त्यांनी घड्याळाकडे सहा वेळा तरी पाहिलं. वहिनी हनुवटीखाली हात ठेवून बसली होती. मग ते तोंडही सुटलं. तिने रीसेटची आज्ञा दिली, साधीच, समोरच्या दाराने. या वेळी सर्व्हरने नकार दिला नाही. दोघं प्रवासी उतरले होते.

कार्डाचे दिवे विझले आणि पुन्हा लागले. आधी एक, मग दुसरा.

तरीही तिने लगेच कुणाला काही दिलं नाही. दोन्ही तोंडं ओळखीची आहेत का, त्यांचे क्रमांक तेच आहेत का, वायर लागल्याचं त्यांना कळतंय का, सगळं पाहिलं. मग प्रक्षेपणाचं तोंड त्याच्या भाडेकरूला दिलं, आवाज वाहतोय याची खात्री केली, आणि मगच फोनचं दिलं.

अकरा बेचाळीसला स्टुडिओतला पहिला लाल दिवा लुकलुकला. पाठोपाठ दुसरा, तिसरा, पाचवा.

"अहो, श्रोत्यांची झाडं आजारी पडली एकदाची!" भाऊजी जवळजवळ ओरडलेच. "बोला, कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी, तुझी आई," स्पीकरमधून आवाज आला. "अर्धा तास झाला लावतेय. जास्वंदीला कळ्या धरतात आणि गळतात. आणि काय रे, घरात एवढी कॉम्प्युटरवाली सून, तरी तुमचा फोन लागत नाही होय?"

भाऊजींनी जीभ चावली. काकांना ठसका लागला. केंद्रप्रमुखांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. वहिनी मात्र टेबलावर डोकं टेकून पोट धरून हसली.

"सूनबाईंनीच लावून दिला, आई," भाऊजी सावरून म्हणाले. "आत्ताच."

"मग तिला म्हणावं, जेवून घे," आईंनी फर्मावलं, आणि बाईंनी जास्वंदीकडे मोर्चा वळवला.

पुढच्या गाण्याच्या शेवटी काकांनी वायर परत फिरवली. बाराला समुद्राची खबर गेली. वाऱ्याचा इशारा दोनदा वाचला गेला आणि त्यानंतर अकरा बोटवाल्यांचे फोन आले. त्यातल्या सात जणांनी निघणं रद्द केलं.

दुपारी वहिनीने सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवला. आधी कुणाला उतरवायचं, मग काय करायचं, आणि नकार आला तर का आला ते आधी शोधायचं, असं सगळं क्रमाने. केंद्रप्रमुख तो चष्मा लावून वाचत उभे राहिले.

"हे कायमचं असंच करायचं का दर वेळी?" त्यांनी विचारलं.

"नाही. दोघांना वेगवेगळी कार्डं द्यायची. आणि घेताना एका तोंडापुरतं रीसेट होणारंच घ्यायचं. मी नाव लिहून देते."

"आजच द्या," ते म्हणाले. जाता जाता दारात थांबले. "सकाळी मी जरा..."

"असू दे, साहेब. चहा घेऊ या."

तीन आठवड्यांनी नवी कार्डं बसली. वहिनीने त्यांची परीक्षा मुद्दाम भर सकाळी घेतली, भाऊजींचा कार्यक्रम चालू असताना. जुनी पेटी तयार ठेवून काका शेजारी उभे होते. तिने फोनच्या कार्डाला रीसेट दिलं. त्याचे दिवे विझले आणि लागले. शेजारच्या कार्डाचा दिवा जळतच राहिला. वरच्या स्पीकरमध्ये भाऊजी टोमॅटोवरच्या किडीबद्दल बोलत होते, ते वाक्य कुठेही न तुटता पूर्ण झालं.

"परत एकदा," काका म्हणाले.

तिने परत एकदा दिलं.