हार आणि फीत

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात थेरगावच्या बुद्धविहारात ज्योतीराम ओव्हाळचा सत्कार ठरला. वस्तीतला पहिला प्रोफेसर, आणि तोही कॉम्प्युटरचा! यंत्राला माणसासारखा विचार करायला शिकवायचं, या एकाच ध्यासात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. वंदना झाली, गळ्यात हार पडला, तरी त्याचे डोळे दाराकडेच लागले होते.

वडील, खंडू ओव्हाळ, पिंपरीच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून तडक आले. खाकी शर्टाच्या दंडावर काळी फीत होती. ती पाहून विहारात कुजबुज सुरू झाली. कंपनीत कॉम्प्युटर येणार, माणसं कमी होणार, म्हणून युनियनचे कामगार आठवडाभर काळ्या फिती लावून काम करत होते. आणि कुठल्या खात्यात किती माणसं पुरेत, हे ठरवणारा प्रोग्रॅम कंपनीला ज्योतीरामनेच लिहून दिला होता.

"खंडूभाऊ, आजच्या दिवस तरी काढा ती," शेजारच्या कुसुमताई हळूच म्हणाल्या.

"काढतो की. पण मग त्याच्या गळ्यातला हारबी काढावा लागंल. दोन्ही त्या एकाच मशीनीपायी हायेत."

ज्योतीरामचा हात हाराकडे गेला. म्हाताऱ्याने तो मधेच धरला.

"राहू दे. ल्योक हायस तू माझा," असं म्हणून ते त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. "साहेब, फीत दिसतेय फोटोत."

भाषणाचा कागद ज्योतीरामच्या खिशातच राहिला होता. तो एवढंच बोलला, "दिसू द्या."